बेस बंद होणार म्हणे! केबिन क्रूसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आज गाणी थोडी कमी आणि बोलणं जास्त होणार आहे, तेव्हा चहा जवळ घेऊनच बसा.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला. रात्री पावणेबाराला, ड्युटी संपवून ट्रेनची वाट बघताना केलेला. मागे फलाटावरची घोषणासुद्धा ऐकू येते. ताई मूळच्या डोंबिवलीच्या, चार वर्षं केबिन क्रूमध्ये, बेस ड्युसेलडॉर्फ. त्या म्हणतात, "क्रू रूममध्ये सगळीकडे एकच विषय आहे, की हे वेळापत्रक संपलं की आपला बेस बंद होणार. कोणी म्हणतं पाल्माला पाठवतील, कोणी म्हणतं घरी बसवतील. कंपनी म्हणते अजून काही ठरलेलं नाही. मुलगी दुसरीत आहे, ह्यांचं ब्लू कार्ड आहे, राटिंगनला एक घर पसंत केलंय आणि बँकेची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी आत्ता नक्की काय करायचं?"

कंपनीचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पण प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांमध्ये कोणीतरी विमानतळाच्या आधाराने जगतं: कोणी केबिनमध्ये, कोणी केटरिंगमध्ये, कोणी चेक-इन काउंटरवर. म्हणून आज हा विषय जरा मुळापासून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगते. मी वकील नाही. मी सांगते ते ऐकून प्रश्न नीट विचारता येतील एवढं होईल, उत्तर मात्र तुमचा करार वाचणाऱ्या माणसाकडूनच घ्यायचं.

आधी बेस म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे गावी सांगायची पंचाईत होते. आजी विचारते, "अगं, विमानात काम करतेस, मग तुझं ऑफिस कुठे?" युरोपच्या उड्डाण नियमांत याला 'होम बेस' म्हणतात. कंपनीने नेमून दिलेली अशी जागा, जिथे तुमची ड्युटी साधारणपणे सुरू होते आणि संपते, आणि जिथे तुमच्या राहण्याची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी नसते. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लिस्बनला रात्र काढावी लागली तर हॉटेल कंपनीचं. ड्युसेलडॉर्फला घर तुमचं, भाडं तुमचं. म्हणजे बेस ठरला की तुम्ही कुठे राहायचं हे ठरतं, कारण स्टँडबायला फोन आला की ठरलेल्या वेळेत तिथे पोचावं लागतं.

यापेक्षा मोठी गोष्ट लोकांना माहीत नसते. २०१२ सालापासून युरोपीय संघात विमान कर्मचाऱ्यांची सामाजिक सुरक्षा होम बेसवरून ठरते. आरोग्य विमा, पेन्शनची वर्गणी, बेकारी विमा, सगळं बेस ज्या देशात त्या देशाचं. कंपनी आयर्लंडची असो, विमान माल्टात नोंदलेलं असो, बेस ड्युसेलडॉर्फ असेल तर वर्गणी जर्मनीत. उलट बेस पाल्माला गेला तर तुमचं कपाट उंटरराथमध्येच राहिलं तरी विमा स्पेनकडे जातो. तेव्हा बेस बदलणं म्हणजे नुसती बदली नव्हे.

आणि बेस बंद होणं म्हणजे विमानं बंद होणं नव्हे. हे प्रवाशांच्या लक्षातच येत नाही. सकाळी सहाला ड्युसेलडॉर्फहून निघणारं विमान इथल्या बेसचं असतं, कारण ते रात्री इथेच मुक्कामाला होतं. बेस काढला की तेच विमान दुसऱ्या शहरातून सकाळी येतं, तासाभराने परत जातं, आणि त्यातला क्रू रात्री त्यांच्या गावी झोपतो. बोर्डावर फ्लाइट तीच, फार तर वेळ बदललेली. तुम्हीआम्ही दिवाळीला तिकीट काढतो, आपल्याला काही कळत नाही. कळतं ते फक्त त्या दोनशे घरांना.

ड्युसेलडॉर्फने हे पुन्हापुन्हा पाहिलं आहे. इथे वीस-पंचवीस वर्षं काढलेल्यांना एलटीयू आठवत असेल. १९५५ साली सुरू झालेली, पुढे ड्युसेलडॉर्फचीच होऊन गेलेली सुट्ट्यांची विमान कंपनी. २००७ साली ती एअर बर्लिनने घेतली आणि ड्युसेलडॉर्फ हा एअर बर्लिनचा बर्लिनच्या जोडीचा मोठा तळ झाला. विमानातून उतरताना क्रू हातावर चॉकलेटचं लाल हृदय ठेवायचा. आमच्या घरातल्या मुलांना विमान कंपनी म्हणजे ते हृदय एवढंच माहीत होतं.

मग १५ ऑगस्ट २०१७ ला एअर बर्लिनने दिवाळखोरीचा अर्ज केला. अबुधाबीच्या एतिहादने पैसा थांबवला होता. उन्हाळी सुट्टीत अडकलेल्या प्रवाशांसाठी जर्मन सरकारने १५ कोटी युरोंचं कर्ज दिलं, त्यावर विमानं काही आठवडे उडाली. १६ ऑक्टोबरला मायामीहून शेवटचं लांब पल्ल्याचं विमान ड्युसेलडॉर्फला आलं. वैमानिकाने उतरता उतरता विमान पुन्हा वर घेतलं, टर्मिनलच्या बाजूने वळवलं आणि एक फेरी मारून मग उतरवलं. निरोपाची फेरी होती ती. त्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला, आणि वैमानिकांची चौकशीही लागली. २७ ऑक्टोबरला म्युनिकहून बर्लिनला शेवटचं उड्डाण झालं. सुमारे आठ हजार माणसांची कंपनी अडीच महिन्यांत संपली.

पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये, करोना सुरू होताच, लुफ्थान्साने जर्मनविंग्जची उड्डाणं कायमची थांबवली. तिचाही क्रू ड्युसेलडॉर्फला होता. त्याच महिन्यात, एअर बर्लिनच्या कुटुंबातली लहान विमानांची एलजीडब्ल्यू दिवाळखोरीत गेली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रायनएअरच्या छत्राखालच्या लाउडामोशनने इथला बेस बंद केला. कंपनीने कारण दिलं विमानतळाच्या शुल्काचं.

आता कंपन्या असं का करतात? पैसा, हे उत्तर खरं आहे पण पुरेसं नाही. विमान हे जगातलं सगळ्यात सहज हलवता येणारं यंत्र आहे. कापडगिरणी बंद करायची तर मागं, बॉयलर, जमीन, सगळ्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो. विमान मात्र संध्याकाळी ड्युसेलडॉर्फला असतं आणि सकाळी क्राकोवला. म्हणून विमानतळाचं शुल्क, सुरक्षा तपासणीचं शुल्क, प्रवासी कर यांतलं काहीही वाढलं की कंपनी म्हणते, आम्ही विमानं हलवतो. जर्मनीत २०११ पासून विमान प्रवासावर कर आहे आणि १ मे २०२४ ला तो वाढून जवळच्या प्रवासाला माणशी १५.५३ युरो झाला. ज्या कंपन्या वीस-तीस युरोंना तिकीट विकतात त्यांना हे लागतं, हे मान्य. पण प्रत्येक धमकी ही निर्णय असते असं नाही. लाउडामोशनचंच दुसरं उदाहरण घ्या. मे २०२० मध्ये कंपनीने ऑस्ट्रियातल्या युनियनला सांगितलं, की कमी पगाराचा नवा सामूहिक करार सह्या करून द्या, नाहीतर व्हिएन्नाचा बेस महिनाअखेर बंद. युनियनने नकार दिला, कंपनीने बंद जाहीर केला, आणि मग शेवटच्या दिवसांत तडजोड होऊन बेस राहिला. तेव्हा क्रू रूममधली बातमी ऐकली की पहिला प्रश्न हा: कंपनीची युनियनशी सध्या कशावरून बोलणी चालू आहेत?

इथे मला मुंबई आठवते, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनाही आठवत असेल. ऑक्टोबर २००८. जेट एअरवेजने एका फटक्यात एकोणीसशे जणांना काढायचं ठरवलं. त्यातल्या आठशेंना निरोप मिळालासुद्धा, बहुतेक केबिन क्रूची पंचविशीच्या आतबाहेरची पोरं-पोरी. ती गणवेशातच रस्त्यावर उतरली. टीव्हीवर दिवसभर तेच. ती राज ठाकरेंना भेटली, महाराष्ट्रातून जेटचं विमान उडू देणार नाही अशी भाषा झाली, दिल्लीतही हालचाल झाली. दुसऱ्या रात्री मालक नरेश गोयल कॅमेऱ्यासमोर आले, माफी मागितली, आणि सगळ्यांना परत घेतलं. दोन दिवसांत निर्णय फिरला.

पुढे साडेदहा वर्षांनी, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री, त्याच जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. पगार थकलेले होते. तेव्हाही मोर्चे निघाले, पण फिरवायला निर्णयच उरला नव्हता. तिजोरी रिकामी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला.

हे सांगायचं कारण असं, की आपल्या मनात २००८ चं चित्र घट्ट बसलेलं असतं. आरडाओरडा झाला, कोणी मोठा माणूस मध्ये पडला, की होईल काहीतरी. जर्मनीत युनियनचा संप, मोर्चा यांना वजन आहे, नाही असं नाही. पण तुमची स्वतःची नोकरी वाचते किंवा जाते ती बहुतेक वेळा टपालाच्या पेटीत आलेल्या एका पाकिटावर, आणि ते पाकीट आल्यापासून तुम्ही किती दिवसांत काय केलंत यावर. 'बघू, आधी सगळे काय करतात ते कळू दे' हा आपला स्वभाव इथे महागात पडतो.

तर आता ते पाकीट. इथे नोकरीवरून काढल्याची नोटीस, म्हणजे क्युंडिगुंग, कागदावर आणि शाईच्या सहीनेच द्यावी लागते. ईमेल, व्हॉट्सॲप, ॲपमधला निरोप, मीटिंगमधली घोषणा, यातलं काहीही क्युंडिगुंग नव्हे. कागद हातात पडला की त्या दिवसापासून तीन आठवडे. या तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात, आर्बाइट्सगेरिश्टमध्ये, दावा दाखल केला नाही तर नोटीस कितीही चुकीची असली तरी ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती असं कायदा धरून चालतो. ड्युसेलडॉर्फचं हे न्यायालय मुख्य स्टेशनच्या मागच्या बाजूला, लुडविग-एरहार्ड-आल्लेवर आहे. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही. तिथल्या अर्ज लिहून घेणाऱ्या खिडकीवर जाऊन स्वतः दावा नोंदवता येतो. वकील घेतलात तर मात्र पहिल्या पायरीवर त्याची फी आपली आपणच भरायची, जिंकलात तरी. म्हणून युनियनचं सभासदत्व किंवा कायदेशीर खर्चाचा विमा आधीच असलेला बरा, कारण दोन्हींना सहसा सुरुवातीचा थांबण्याचा काळ असतो. केबिन क्रूसाठी इथे दोन युनियन आहेत, ऊफो आणि वेर्डी. कोणती घ्यायची ते तुमच्या कंपनीत कोण वाटाघाटी करतं ते बघून ठरवा.

आपल्या लोकांसाठी एक खास खड्डा. नोटीस तुमच्या पेटीत पडली की ती तुम्हाला मिळाली असं धरलं जातं, तुम्ही त्या वेळी पुण्याला लग्नाला गेला असलात तरी. सुट्टीमुळे तीन आठवडे चुकले तर उशिरा दावा दाखल करून घ्यायचा अर्ज करता येतो, पण परत आल्यावर दोन आठवड्यांत. त्यावर भिस्त ठेवू नका. बेसची कुजबुज चालू असताना महिनाभर भारतात जात असाल तर शेजारणीकडे पेटीची किल्ली ठेवा आणि सांगा, कंपनीचं पाकीट दिसलं की फोटो काढून पाठव.

आता तुम्ही म्हणाल, बेसच बंद होतोय तर दावा करून काय मिळणार? इथे एअर बर्लिनची गोष्ट पुढे न्यायची आहे, कारण तिचा शेवट ड्युसेलडॉर्फवरच येऊन थांबला.

जर्मनीत एका ठिकाणी तीस दिवसांच्या आत बरीच माणसं काढायची असतील, उदाहरणार्थ ६० ते ४९९ जणांच्या ठिकाणी १० टक्के किंवा २५ पेक्षा जास्त, तर कंपनीला आधी कर्मचारी प्रतिनिधींशी बोलावं लागतं आणि नोटिशी देण्यापूर्वी रोजगार कार्यालयाला, आर्बाइट्सआगेन्टुअरला, तशी लेखी कल्पना द्यावी लागते. एअर बर्लिनने ती दिली बर्लिनच्या कार्यालयाला. मुख्यालय तिथे, सगळी विमानं म्हणजे मिळून एकच आस्थापना, असा हिशेब. तो अगदीच हवेतला नव्हता, कारण नोकरी संरक्षण कायद्यात खरोखरच एका कंपनीची सगळी विमानं मिळून एक आस्थापना धरतात. पण मोठ्या कपातीचा नियम युरोपातून आलेला आहे, आणि त्याचा हेतू वेगळा आहे: ज्या शहरात माणसं बेकार होणार त्या शहराच्या कार्यालयाला आधी कळावं, म्हणजे त्याला तयारी करता यावी. ड्युसेलडॉर्फची माणसं बेकार झाली तर ओझं ड्युसेलडॉर्फच्या कार्यालयावर पडणार, बर्लिनच्या नव्हे. एरफुर्टच्या संघीय कामगार न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० ला ड्युसेलडॉर्फच्या एका वैमानिकाच्या दाव्यात हेच सांगितलं. बेस ही स्वतंत्र जागा आहे, कल्पना चुकीच्या कार्यालयाला दिली, म्हणून नोटीस रद्द. त्याच वर्षी १४ मे ला केबिन क्रूच्या बाबतीतही तसाच निकाल आला.

म्हणजे एका चुकलेल्या पत्त्यावरून नोटिशी उडाल्या. पण खरं ते सांगते, नोकरी कोणालाच परत मिळाली नाही. विमानंच नव्हती. दिवाळखोरीत पैशाच्या मागणीला रांग असते, आणि रांगेच्या शेवटी फारसं उरत नाही. कंपनी जिवंत असताना मात्र चित्र वेगळं असतं. अशी चूक निघाली की कंपनीला वाटाघाटीला बसावं लागतं, आणि भरपाईचा आकडा तिथे ठरतो. भरपाई, आबफिंडुंग, ही इथे आपोआप मिळत नाही. हा आपल्या मंडळींचा मोठा गैरसमज आहे. दर वर्षाला अर्धा महिन्याचा पगार हे तोंडी चालणारं माप आहे, हक्क नव्हे. ती मिळते एकतर दाव्यातल्या तडजोडीतून, नाहीतर सोझियालप्लानमधून, म्हणजे कर्मचारी प्रतिनिधी आणि कंपनी यांनी मिळून ठरवलेल्या नुकसानभरपाईच्या योजनेतून.

ही योजना करायला प्रतिनिधी मंडळ लागतं. गंमत अशी की हवेत काम करणाऱ्यांना बेट्रीब्सराट निवडायचा हक्क जर्मनीत बरीच वर्षं आपोआप नव्हता. कंपनीने युनियनशी तसा करार केला तरच. २०१८ च्या रायनएअरच्या संपात हा मुद्दा पेटला, कामगारमंत्री हुबर्टुस हाइल फ्रँकफर्टला संपकऱ्यांना भेटायला गेले, आणि १ मे २०१९ पासून कायदा बदलला. करार नसेल तर आता सर्वसाधारण कायदा लागू होतो आणि मंडळ निवडता येतं. तुमच्या बेसवर ते आहे का, नसेल तर का नाही, हे आत्ताच विचारा. मंडळ बेस बंद होणं थांबवू शकत नाही. पण काय किमतीला बंद होईल यावर त्याचं म्हणणं चालतं.

काढायचं कोणाला, यालाही नियम आहे. नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं आणि अपंगत्व, या चार गोष्टी बघायच्या. आणि विमान कंपनीत सगळी विमानं मिळून एक आस्थापना असल्यामुळे हा हिशेब नुसत्या ड्युसेलडॉर्फपुरता थांबेलच असं नाही. हँबुर्गला तुमच्यासारखंच काम करणारी, तुमच्यानंतर लागलेली मुलगीही त्यात येऊ शकते. येते की नाही हे तुमच्या करारातल्या एका ओळीवर आहे: कामाचं ठिकाण.

त्या ओळीपाशी जरा थांबू. 'कामाचं ठिकाण ड्युसेलडॉर्फ' एवढंच लिहिलं असेल तर कंपनी तुम्हाला एकतर्फी दुसरीकडे पाठवू शकत नाही, पण मग दुसऱ्या बेसच्या लोकांशी तुमची तुलनाही कदाचित होणार नाही. 'सध्या ड्युसेलडॉर्फ, गरजेनुसार अन्यत्र' असं असेल तर उलटं. ही तलवार दोन्ही बाजूंनी कापते. न्यूर्नबर्गच्या एका वैमानिकाचा खटला यासाठी माहीत हवा. परदेशी कंपनीने तिथला बेस बंद केला आणि त्याला थेट इटलीत बोलोन्याला बदली दिली. तो म्हणाला, परदेशात पाठवायचा हक्क मालकाला नाही. ३० नोव्हेंबर २०२२ ला संघीय कामगार न्यायालयाने सांगितलं, करारात ठिकाण पक्कं केलेलं नसेल तर हक्क आहे. फक्त तो न्याय्य रीतीने वापरला पाहिजे. वैमानिक हरला.

दुसरा प्रकार असा, की कंपनी एकाच कागदात जुना करार संपवते आणि नव्या बेसचा करार पुढे करते. याला एन्डरुंग्सक्युंडिगुंग म्हणतात. इथे हो किंवा नाही एवढेच दोन रस्ते नाहीत. 'हरकत राखून स्वीकारते' असा तिसरा आहे: नोकरी चालू ठेवायची, आणि बदल योग्य आहे का ते न्यायालयाकडून तपासून घ्यायचं. तेही जास्तीत जास्त तीन आठवड्यांतच.

आणि चौथा कागद, ज्याची मला सगळ्यात भीती वाटते: आउफहेबुंग्सफेरत्राग, परस्परसंमतीने नोकरी संपवण्याचा करार. तो हसतमुखाने, कॉफीबरोबर पुढे येतो. त्यावर त्याच दिवशी सही करू नका. सही केली की नोकरी तुम्हीच सोडली असं धरून बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो. आकडा चांगला दिसला तरी घरी आणा, कोणाला तरी दाखवा, मग ठरवा.

भत्त्यासाठी आणखी एक मुदत. नोकरी संपणार हे कळलं की संपण्याच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात 'काम शोधत आहे' अशी नोंद करायची. तेवढा वेळ हाताशी नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत. ऑनलाइन होते. चुकली तर आठवड्याचा भत्ता जातो. आमच्या ताईंची चार वर्षं, म्हणजे कायद्याप्रमाणे नोटिशीचा काळ महिनाअखेरपर्यंतचा एक महिना. करारात जास्त असू शकतो. तेव्हा त्यांच्यासाठी तीन दिवसांचाच नियम धरून चाला. भत्ता निव्वळ पगाराच्या साधारण ६० टक्के, मूल असेल तर ६७.

गरोदर असाल किंवा एल्टर्नत्साइटवर असाल तर सरकारी परवानगीशिवाय काढता येत नाही. बेसच बंद होत असेल तर ती परवानगी मिळू शकते, पण कंपनीला ती मागावी लागते. इथे संविधान न्यायालयाचा ८ जून २०१६ चा एक निकाल आहे, तो मला फार आवडतो. एका परदेशी विमान कंपनीने जर्मनीतला कारभार गुंडाळला. एल्टर्नत्साइटवरच्या एका कर्मचारी बाईची परवानगी यायला वेळ लागला, म्हणून तिची नोटीस इतरांच्या नंतर, तीस दिवसांबाहेर पडली. बाकीच्यांच्या नोटिशी मोठ्या कपातीच्या चुकीमुळे रद्द झाल्या आणि हिला मात्र सांगितलं, तू त्या तीस दिवसांत बसत नाहीस. संविधान न्यायालय म्हणालं, जास्त संरक्षण दिलं म्हणून तिला कमी मिळालं, हे चालणार नाही.

आता पासपोर्टाचा प्रश्न, कारण तो आपल्याला जर्मन सहकाऱ्यांपेक्षा वेगळा पडतो. ताई तुमचा परवाना नवऱ्याच्या ब्लू कार्डावर, कुटुंब म्हणून असेल, तर तुमची नोकरी गेल्याने तुमचं इथलं राहणं धोक्यात येत नाही. ज्यांचा परवाना स्वतःच्या नोकरीवर आहे त्यांनी मात्र नोकरी ठरल्याआधी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला कळवायचं असतं. हे कायद्याने बंधनकारक आहे. घाबरून लपवणारे मी पाहिलेत, त्याने गोष्ट बिघडते.

पण 'पाल्माला पाठवतील' यात आपल्यासाठी वेगळी मेख आहे. इटालियन किंवा पोलिश सहकारी उद्या स्पेनमध्ये काम करू शकते. भारतीय पासपोर्टवर, जर्मन परवान्यावर, स्पेनमधल्या बेसला नोकरी करायला तिथली परवानगी लागते. शिवाय जर्मनीबाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिलं, किंवा कायमचंच गेलं असं दिसलं, तर साधारणपणे इथला परवाना संपतो. कंपनीच्या यादीत बदलीला होकार देण्याआधी हा प्रश्न लेखी विचारा: परवानगी कोण काढणार, आणि ती मिळाली नाही तर काय? बऱ्याचदा कंपनीच्याही डोक्यात हे आलेलं नसतं.

आणि घर. ताई, तुमचा खरा प्रश्न तोच होता, हे मला मेसेज तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. मी काही आकडेमोड करून देऊ शकत नाही. पण बँकेसमोर बसण्याआधी दोघांनी एक कागद घ्या आणि फक्त नवऱ्याच्या पगारावर हप्ता बसतो का ते लिहा. बसत असेल तर बेसच्या कुजबुजीवरून घर सोडू नका. राटिंगनहून विमानतळ जवळ आहे आणि तिथे एकच कंपनी नाही. बसत नसेल तर तारीख दोन महिने पुढे मागा. बँक विचारील का, तर खरं सांगा.

दरम्यान पगाराच्या पावत्या, मूळ करार, त्यातले सगळे बदल आणि रोस्टर यांच्या प्रती घरी काढून ठेवा. कंपनीचं लॉगिन बंद झालं की रोस्टर दिसत नाही, आणि तुमचा बेस ड्युसेलडॉर्फच होता हे दाखवायला तेच उपयोगी पडतं. युरोपीय न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१७ ला शार्लरुआच्या रायनएअर क्रूच्या खटल्यात हेच म्हटलं होतं: करारात कोणत्याही देशाचं न्यायालय लिहिलेलं असो, क्रू नेहमी कुठून काम करतो ते बघायचं, आणि होम बेस हा त्यातला मोठा पुरावा. म्हणजे तुमचा दावा डब्लिनला नाही, स्टेशनमागच्या त्या इमारतीत चालू शकतो.

पाकीट आलं तर त्यावर आल्याची तारीख पेनाने लिहा, आणि आम्हाला पुन्हा मेसेज करा. रात्री पावणेबाराला केलात तरी चालेल.

पुढच्या भागात मुलांचं किंडरगेल्ड, एक पालक दुसऱ्या देशात कामाला असेल तर ते कोणी द्यायचं, हे बघू. आता एक गाणं ऐकू. नमस्कार.